भेट बंद झाली, तर तिच्यातली कामं कुणी करायची?

२०२०चा मार्च. गुढीपाडवा चार-पाच दिवसांवर आला होता. माझी आत्या जिथं राहायची त्या वृद्धाश्रमाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री नऊला मेसेज पडला : ‘सर्व नातेवाइकांना कळविण्यात येते की, पुढील सूचना मिळेपर्यंत भेटी बंद राहतील. कृपया सहकार्य करावे.’ खाली धडाधड अंगठे उमटले. त्यातला एक माझा. पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न असेल, असं वाटलं होतं. आत्याच्या समोर जाऊन बसायला मिळालं ते डिसेंबरात, तेही अंगणात, सहा फुटांवरच्या खुर्चीत.

करोना ओसरला, पण ‘भेटी बंद’ हा प्रकार संपलेला नाही. फ्लूची साथ आली किंवा आश्रमात चार जणांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या, की आठ-पंधरा दिवस दार लावून घेतात. तसं करणं बरेचदा बरोबरही असतं. दार का लावतात, लावल्यावर नेमकं काय थांबतं आणि बाहेरून आपण काय काय चालू ठेवू शकतो, हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं, तर बऱ्याच चुका टळल्या असत्या. म्हणून हे लिहितोय.

दार का लावतात

अमेरिकेत सिएटलजवळ कर्कलंड नावाचं गाव आहे. तिथल्या एका नर्सिंग होममध्ये करोना शिरल्याचं फेब्रुवारी २०२०च्या शेवटी लक्षात आलं. १८ मार्चपर्यंत त्या एका इमारतीशी जोडलेले १६७ रुग्ण सापडले : १०१ तिथं राहणारे, ५० कर्मचारी आणि १६ भेटायला आलेले. राहणाऱ्यांपैकी साधारण तिघांमागे एक दगावला. जगभरच्या आश्रमचालकांची झोप उडाली ती या बातमीनं. १३ मार्चला अमेरिकेच्या केंद्रीय यंत्रणेनं देशभरातल्या नर्सिंग होमना भेटी थांबवायला सांगितल्या. अपवाद ठेवला तो मुख्यतः अखेरच्या घडीचा.

त्याच भागातल्या आणखी एका नर्सिंग होममध्ये ७६ जणांची तपासणी केली. ४८ जणांना लागण झालेली निघाली, आणि त्यातल्या २७ जणांना त्या दिवशी कसलाही नवा त्रास नव्हता. नवा खोकला नाही, ताप नाही. पुढच्या काही दिवसांत त्यातले २४ आजारी पडले. म्हणजे दारात उभं राहून कपाळावर थर्मामीटरची बंदूक रोखली, तरी निम्म्याहून अधिक जण आरामात आत गेले असते. आपण महिनोन्‌महिने ती बंदूक प्रत्येक दुकानाच्या दारात सोसली. तिचा उपयोग किती होता, ते यावरून समजावं.

शिवाय वृद्धाश्रमात अंतर राखून काळजी घेता येतच नाही. एक मावशी सकाळी सात ते अकरा या वेळात सात-आठ जणांना आंघोळ घालते, डायपर बदलते, दात घासून देते, भरवते. ही कामं सहा फुटांवरून होत नाहीत. विषाणूला अशी जागा म्हणजे जत्राच.

इथंच एक गोष्ट नजरेतून सुटते. दार बंद केलं तरी ते पूर्ण बंद होत नाही. स्वयंपाकीणबाई येतात, मावशी पाळी संपवून घरी जातात, दूधवाला, भाजीवाला, सिलिंडरवाला येतो. कर्कलंडच्या तपासणीत दिसलेली एक अडचण अशी होती की, कर्मचारी दोन-दोन ठिकाणी काम करत होते आणि अंगात कणकण असतानाही कामावर येत होते. आपल्याकडच्या ब्युरोतून येणाऱ्या मावशींचं वेगळं काय असतं? सुट्टी घेतली की त्या दिवसाचा पगार गेला. त्यामुळे ‘आमच्याकडे भेटी पूर्ण बंद आहेत’ असं व्यवस्थापक अभिमानानं सांगतात, तेव्हा पुढचा प्रश्न विचारायचा : आजारी मावशीला पगारी सुट्टी मिळते का? उत्तर ‘नाही’ असेल, तर भेटी बंद करून अर्धंच भोक बुजवलंय.

आमच्या आश्रमातल्या पाच मावशी आणि एक काका पहिल्या टाळेबंदीत तीन आठवडे आतच मुक्कामाला राहिले. स्वतःची पोरं घरी टाकून. आम्ही काही नातेवाइकांनी मिळून त्यांच्या घरी किराणा पोचवला आणि मोबाइल रिचार्ज केले. उपकार म्हणून नाही. त्या काळात आमच्या माणसांना हात लावणारी तेवढीच माणसं होती.

भेटीत असतं तरी काय

मी दर रविवारी जायचो. दीड तास. कुणी विचारलं असतं तर म्हणालो असतो, ‘गप्पा मारायला जातो.’ भेटी बंद झाल्यावर दुसऱ्या महिन्यात एकदा कागद घेतला आणि त्या दीड तासात मी काय काय करत होतो, ते लिहून काढलं. यादी बघून मीच चाट पडलो.

चष्मा पुसायचो. श्रवणयंत्राची बॅटरी बदलायचो. हातापायाची नखं कापायचो. टाचा आणि कंबरेखालचा भाग लाल तर पडला नाही ना, हे सिस्टरना विचारायचो, कारण पडून राहणाऱ्याला व्रण व्हायला वेळ लागत नाही. चहाबरोबर पेलाभर पाणी गप्पांच्या नादात पाजायचो. एरवी ती पाण्याला हात लावत नसे. कोण कुठं आहे, कुणाचं लग्न झालं, आज वार कोणता, हे बोलता बोलता सांगायचो. तळहाताला खोबरेल चोळायचो. आणि निघताना मावशीपाशी पाच मिनिटं थांबायचो. ती पाच मिनिटं सगळ्यात महत्त्वाची होती, हे नंतर कळलं.

म्हणजे ‘भेट’ या एका शब्दात दहा-बारा कामं भरलेली होती. दार लागलं त्या दिवशी ती सगळी एकदम थांबली, आणि ती थांबली आहेत हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. आश्रमाला वाटलं, फक्त गप्पा थांबल्यात, त्या फोनवर होतील.

याचा फटका मला लगेच बसला. एप्रिलमध्ये आत्या फोनवर बोलेनाशी झाली. नुसतं ‘हं’ म्हणायची, कधी तेही नाही. तिची स्मृती आधीच विरत चालली होती. मी धरून चाललो की, आजार पुढं सरकला. तीन आठवडे मी मनातल्या मनात रडून घेतलं. मग एका सिस्टरनं सहज बघितलं, तर श्रवणयंत्राची बॅटरी संपलेली. ती आठ-दहा दिवसांत संपतेच. बदलणारा माणूस गेटच्या बाहेर होता.

तेव्हा पहिलं काम हे : आपल्या भेटीची यादी करा आणि प्रत्येक कामापुढं आतल्या कुणाचं तरी नाव लिहून घ्या. ‘लक्ष ठेवा हं’ असं मोघम सांगू नका. ‘बॅटरी दर रविवारी, संगीतामावशी’ असं ठरवा. (मावशींचं नाव मी बदललंय.) बॅटऱ्यांची पाकिटं, नेलकटर, खोबरेल, चष्म्याचं कापड हे सगळं एका डब्यात नाव घालून पाठवा.

यादीतलं एक काम मात्र कुणावर सोपवणं अवघड असतं, ते म्हणजे ‘काहीतरी बिघडलंय’ हे ओळखणं. म्हातारपणी आजार पुस्तकातल्यासारखा येत नाही. मोठा संसर्ग झाला तरी ताप येईलच असं नाही. माणूस जेवत नाही, एकाएकी भलतंच बोलायला लागतो, दिवसा झोपतो, चालताना तोल जातो, एवढंच दिसतं. चाळीस जणांना सांभाळणाऱ्या सिस्टरला ‘आजी आज गप्प आहेत’ यात विशेष वाटणार नाही. आपल्याला वाटतं, कारण आजी कधीच गप्प नसतात हे आपल्याला माहीत असतं. म्हणून आपल्या माणसाची रोजची तऱ्हा एका पानावर लिहून द्या : किती बोलते, काय आवडीनं खाते, किती वाजता डुलकी काढते, चिडली की काय करते. त्यापेक्षा वेगळं दिसलं तर त्याच दिवशी फोन करा, असं सांगून ठेवा. वजनाचा आकडाही दर महिन्याला मागून घ्या. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात नर्सिंग होममधल्या नोंदी नंतर तपासल्या, तेव्हा बंदीच्या काळात ज्यांना करोना झालाच नाही त्यांचंही वजन घटलेलं, उदासी वाढलेली आणि लघवीवरचा ताबा सुटलेला आढळला.

हे करोनाच्या आधीही घडून गेलं होतं. इंग्लंडमध्ये जॉन जेरार्ड नावाचे एक निवृत्त डॉक्टर होते. त्यांना स्मृतिभ्रंश होता, पण घरी ते हिंडतफिरत, आनंदात होते. फेब्रुवारी २०१४मध्ये पायावरच्या जखमांसाठी इस्पितळात दाखल झाले. वॉर्डात उलट्या-जुलाबांची साथ आली म्हणून भेटी जवळजवळ थांबवल्या गेल्या. पाच आठवड्यांनी ते बाहेर आले ते हाडांचा सापळा होऊन. चालणं, स्वतः जेवणं, नीट बोलणं सगळं गेलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते वारले. त्यांची मुलगी निकी जेरार्ड आणि तिची मैत्रीण ज्युलिया जोन्स यांनी मग वडिलांच्या नावानं चळवळ उभी केली. मागणी एकच होती : स्मृतिभ्रंशाच्या माणसाजवळ त्याचं माणूस राहू द्या, ते ‘पाहुणे’ नसतं. करोनात तिकडे हाच युक्तिवाद पुन्हा उपयोगी पडला.

फोनवर भेटायचं कसं

यात मी इतक्या चुका केल्यात की, हा भाग जरा लांबणार.

माझा चुलतभाऊ न्यू जर्सीत असतो. मार्च २०२०मध्ये आंतरराष्ट्रीय विमानं थांबली, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या त्याच्या ओसीआय कार्डावरचा व्हिसाविना प्रवासही सरकारनं तात्पुरता गोठवला, तेव्हा तो मला म्हणाला, ‘आता तूपण माझ्यासारखाच.’ टोमणा होता, पण खरा. परदेशातली मुलं वर्षानुवर्षं पडद्यावरूनच आईबापांना भेटतायत. त्या बाबतीत तो माझ्या पुढं होता. मी आठवड्यातून एकदा पाऊण तास फोन लावायचो, रविवारच्या हिशेबानं. तो दिवसाआड सात मिनिटं बोलायचा, ठरलेल्या वेळी, आणि थांबायचा. आत्या त्याच्या फोनला खुलायची. माझ्या फोनला दहाव्या मिनिटाला दमायची.

वेळ सकाळची घ्या, नाश्ता झाल्यावर. स्मृतिभ्रंश असलेल्या बऱ्याच जणांचा गोंधळ दिवेलागणीला वाढतो. त्या वेळी फोन केला तर ‘मला घरी ने’ एवढंच ऐकायला मिळतं आणि दोघांचीही रात्र खराब होते.

फोन हातात धरायला देऊ नका, स्टँडवर डोळ्यांच्या रेषेत ठेवायला सांगा. नाहीतर आपल्याला छताचा पंखा दिसतो आणि त्यांना आपल्या नाकपुड्या. आपल्या तोंडावर उजेड हवा. खिडकीकडे पाठ करून बसलं की आपण नुसती काळी सावली दिसतो. ओरडू नका. वय झालं की आधी बारीक, तीक्ष्ण आवाज ऐकू येईनासे होतात, आणि ओरडल्यावर आवाज आणखी चिरका होतो. जरा खालच्या पट्टीत, सावकाश, एका वाक्यात एकच गोष्ट. आतल्या मावशींच्या तोंडावर मास्क असतो. ओठ दिसत नसल्यानं निम्मं बोलणं कळत नसतं, त्यामुळे दिवसभरात स्पष्ट दिसणारं तोंड कदाचित आपलं एकट्याचंच असतं.

आणि परीक्षा घेऊ नका. ‘ओळखलंस का मी कोण?’, ‘काल काय जेवलीस?’, ‘मागच्या वेळी मी काय सांगितलं होतं?’ हे आपल्याला कौतुकाचे प्रश्न वाटतात. ज्याला आठवत नाही त्याला ती तोंडी परीक्षा असते आणि दरवेळी तो नापास होतो. आधी आपण सांगावं : ‘आत्या, मी सुधीर, तुझ्या भावाचा मुलगा. आज बुधवार. बाहेर पाऊस पडतोय.’ मग काहीतरी दाखवावं. मी एकदा कॅमेऱ्यासमोर मटार सोलायला बसलो. वीस मिनिटं आम्ही फारसं बोललो नाही. ती मध्येच ‘ती किडकी टाक’ एवढं म्हणाली. त्या सगळ्या वर्षातला तो माझा सगळ्यात चांगला फोन.

२०२०च्या जूनमध्ये तिनं विचारलं, ‘पालखी आली का?’ आत्याचं आयुष्य फलटणला गेलं, माउलींची पालखी तिच्या दारावरून जायची. मी सांगितलं, यंदा पायी वारी नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला जाणार. ती थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘तिकीट काढलं का?’ स्मृती गेली म्हणजे माणूस गेलं असं नसतं, हे कुणी सांगायला नको मग.

चाळीस निवाशांना एक फोन असेल तर आपला नंबर लागायला संध्याकाळ होते. जमत असेल तर एक जुना स्मार्टफोन आणि स्टँड आश्रमाला देऊन टाका, सगळ्यांसाठी. आणि ज्यांना पडदा अजिबात उमगत नाही, पडद्यातल्या माणसाला बघून जे घाबरतात, त्यांच्यावर तो लादू नका. त्यांना आवाज पुरतो. हरिपाठ, मनाचे श्लोक, नातवाची बडबड रेकॉर्ड करून पाठवा. मावशी वेणी घालताना लावतील.

पत्रं विसरू नका. मी मोठ्या, ठळक अक्षरांत एका पानाची पत्रं छापून पाठवायचो, वर एक फोटो. फोन संपला की संपतो. पत्र दिवसातून सहा वेळा वाचता येतं आणि स्मृती कच्ची असेल तर सहाही वेळा ते नवंच असतं. आत्या मराठीची शिक्षिका होती. तिसऱ्या पत्रानंतर मावशींनी फोटो पाठवला : पत्रावर लाल पेननं खुणा. मी ‘आणी’ लिहिलं होतं.

काचेपलीकडून

खिडकीतून भेट हा मधला मार्ग बऱ्याच ठिकाणी काढला. नेदरलँड्समध्ये वासेनारच्या एका केंद्रानं अंगणात काचेची छोटी खोलीच उभी केली. इटलीत कास्तेलफ्रांको व्हेनेतोला पारदर्शक प्लास्टिकची भिंत करून तिला लांब हातमोजे जोडले, त्यातून मिठी मारता येई. ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या एका आश्रमात असाच प्लास्टिकचा पडदा होता. ५ ऑगस्ट २०२०ला तिथल्या ८५ वर्षांच्या आजींना परिचारिकेनं पाच महिन्यांत पहिल्यांदा मिठी मारली, त्या क्षणाचा मॅड्स निसननं काढलेला फोटो पुढं ‘वर्ल्ड प्रेस फोटो’चं वर्षातलं सर्वोत्तम छायाचित्र ठरला.

ज्यांना परिस्थिती समजते त्यांच्यासाठी हे फार मोलाचं आहे. पण स्मृतिभ्रंशाच्या माणसाला काच समजेलच असं नाही. ‘बाहेर का उभा आहेस, आत ये की,’ असं म्हणत आत्या कडीशी झटायला लागली आणि मावशींना तिला धरून न्यावं लागलं. त्यानंतर मी खिडकीत गेलो नाही. एकदा करून बघावं. त्रास झाला तर सोडून द्यावं, आणि त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नये.

बंदी किती दिवस आणि कुणासाठी

बंदीचा फायदा पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत जास्त असतो, जेव्हा आजाराबद्दल काही माहीत नसतं आणि मास्क, तपासण्या, लस यांपैकी काहीच हाताशी नसतं. तोटा मात्र दिवसागणिक साठत जातो. त्यामुळे ‘बंद की चालू’ असं विचारण्याऐवजी ‘किती दिवसांनी पुन्हा विचार करणार’ हे विचारायला हवं. स्वीडननं एप्रिल ते सप्टेंबर २०२० अशी सहा महिने देशभर बंदी ठेवली. नेदरलँड्सनं मार्चमध्ये दारं लावली, पण ११ मे रोजी निवडक २६ ठिकाणी प्रयोग केला : प्रत्येक निवाशामागे एकच ठरलेला माणूस, मास्क आणि हात धुण्याचे नियम पाळून. अभ्यासकांनी पहिले तीन आठवडे लक्ष ठेवलं. त्या काळात नवी लागण नोंदली गेली नाही आणि राहणाऱ्यांना बरं वाटलं. मग हळूहळू सगळीकडे मोकळीक दिली.

एक माणूस, ठरलेला. मला वाटतं, या सगळ्या काळातून शिकण्यासारखी ही सर्वांत कामाची कल्पना. चाळीस जणांमागे शंभर पाहुणे येणं वेगळं आणि चाळीस ठरलेली माणसं मावशींसारखेच नियम पाळून येणं वेगळं. इंग्लंडनं ८ मार्च २०२१पासून एका ठरलेल्या व्यक्तीला आत यायची, हात हातात धरायची मुभा दिली. आणि ६ एप्रिल २०२४पासून तिथं नियमच झाला की, तसंच अपवादात्मक कारण असल्याशिवाय निवाशाची भेट अडवता येणार नाही. अमेरिकेनं सप्टेंबर २०२०मध्ये स्पष्ट केलं की, माणुसकीच्या कारणावरची भेट म्हणजे फक्त मरणाच्या दारातली भेट नव्हे. कुणी जेवणं सोडलंय, कुणाचं जवळचं माणूस नुकतंच गेलंय, कुणी नवीनच आश्रमात आलंय आणि बावरलंय, यांनाही ती लागू आहे.

आपल्याकडे ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७चा केंद्रीय कायदा आहे. मुलांनी पोटगी द्यावी, दर जिल्ह्यात गरीब वृद्धांसाठी किमान १५० जणांची सोय होईल असे वृद्धाश्रम हळूहळू उभे राहावेत, अशा गोष्टींवर त्याचा भर आहे. भेटीचं काय, ते आपल्यालाच आश्रमाच्या करारनाम्यात घालून घ्यावं लागतं. दाखल करताना आपण डिपॉझिट आणि मासिक शुल्काचे आकडे वाचतो, बाकीची पानं सही करून परत देतो. पुढच्या वेळी तीन गोष्टी लिहून मागा : साथीत भेटी थांबवल्या तर किती दिवसांनी फेरविचार होईल, अपवाद कोणते आणि ते कोण ठरवेल, आणि ठरलेला एक माणूस कोण. भांडणाच्या सुरात मागायची गरज नाही. बहुतेक चालकांनी या प्रश्नाचा विचारच केलेला नसतो, एवढंच. कुठं खरोखरच अन्याय होत असेल, माणसाशी बोलूच देत नसतील, तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

‘घरी घेऊन ये ना मग’

हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागणार, आणि ते बोलणारा बहुधा स्वतः सांभाळणार नसतो. निर्णय भावनेवर नको. घरी चोवीस तास कोण? उचलून बसवायची ताकद कुणात आहे? रात्री दोनला उठून ‘शाळेत जायचंय’ म्हणाली तर? बाहेरची बाई ठेवली तर तीही रोज बसनं येणार, म्हणजे विषाणूचा रस्ता बदलला, बंद झाला नाही. घरात कुणी कामाला बाहेर जात असेल तर तोही धोकाच. ज्यांचे आईवडील हिंडतेफिरते होते, घरात मोकळी खोली आणि दोन माणसं होती, त्यांनी आणलं आणि ते निभावलं. आम्ही नाही आणलं. आश्रमात परतताना पुन्हा चौदा दिवस एकटीला कोंडून राहावं लागेल, हेही विचारात घेतलं होतं.

तरीही रात्री झोप लागत नसे. मिनेसोटा विद्यापीठातल्या पॉलिन बॉस यांनी १९७०च्या दशकात एका वेगळ्या दुःखाला नाव दिलं. मराठीत त्याला अधांतरी वियोग म्हणता येईल. माणूस गेलेला नसतो, पण असलेलाही नसतो. त्याच्या दोन तऱ्हा : शरीरानं दूर, पण मनात हजर, जसा युद्धात बेपत्ता झालेला सैनिक, आणि शरीरानं समोर, पण मनानं हरवलेला, जसा स्मृतिभ्रंशाचा रुग्ण. भेटी बंद झालेल्या आश्रमातल्या स्मृतिभ्रंशाच्या माणसाच्या बाबतीत या दोन्ही एकदम होतात. तेरावं नाही, सुतक नाही, कुणी भेटायला येत नाही, आणि आपल्यालाच वाटतं, मी कशाला रडतोय, ती तर आहे ना. या अवस्थेला नाव आहे आणि ती आपल्या एकट्याची नाही, एवढं कळलं तरी छातीवरचा दगड थोडा हलतो. मला हलल्याचं आठवतं. भावंडांतली भांडणंही याच काळात पेटतात. प्रत्येकाला अपराधी वाटत असतं आणि तो अपराध दुसऱ्याच्या गळ्यात घालणं सोपं जातं. आम्ही शेवटी ठरवलं : आश्रमाशी एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी त्याच्याशी.

शेवटची वेळ आली तर

हे आधी ठरवून ठेवायचं, फोन आल्यावर नाही. आत एकालाच सोडणार असतील तर कोण जाणार? त्याचं वय, दमा, मधुमेह बघून ठरवा. इस्पितळात हलवायचं की आश्रमातच ठेवायचं, यावर डॉक्टरांशी शांतपणे एकदा बोलून घ्या. त्या माणसाला काय हवं होतं ते आठवा. आणि जाता आलंच नाही, तर मावशींना कानाशी फोन धरायला सांगा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०२०मध्ये दाखवलं की, प्रतिसाद न देणाऱ्या मरणासन्न रुग्णांपैकी काहींच्या मेंदूत आवाजाची नोंद होत होती. बोललेलं समजतं का, हे त्यातून सिद्ध होत नाही. पण बोलायला हरकत नाही, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं.

दार उघडल्यावर

पहिल्या भेटीकडून फार अपेक्षा ठेवू नका. तुम्ही नऊ महिने तो क्षण मनात घोळवलेला असतो. समोरच्या माणसासाठी तो मंगळवार असतो. मास्क लावलेल्या माणसाला ते ओळखतीलच असं नाही. आधी दोन मिनिटं लांबूनच नाव, नातं सांगा. मिठाई, शाल, फोटोंचा अल्बम, नातवंडं असं सगळं एकदम नेऊ नका. कपडे सैल झालेले दिसतील, केस कुणीतरी आपल्या पद्धतीनं कापलेले असतील. ते पाहून चेहरा पडतो, तो लगेच वाचला जातो. आणि दार पुन्हा बंद होऊ शकतं, हे धरून चला. आमचं २०२१च्या मार्चमध्ये दुसऱ्या लाटेबरोबर पुन्हा बंद झालं. पण तेव्हा डबा आत होता, यादी भिंतीवर होती, नावं ठरलेली होती.

डिसेंबरच्या त्या भेटीत मी खिशात नेलकटर घेऊन गेलो होतो. सहा फुटांवर बसायचं होतं तरी. आत्यानं हात पुढं करून दाखवले. नखं कापलेली होती, नीट, गोल.

‘ती तुझ्यापेक्षा बरी कापते,’ आत्या म्हणाली.